आईची खुर्ची

आमच्या हौशी मंडळाची पद्धत अशी, की तालमीला कुणी आलं नाही तर त्याच्या जागी खुर्ची ठेवायची आणि तिच्याकडे बघून गायचं. आणि दिग्दर्शिका बाईंची शिस्त अशी, की बसून कुणी गायचं नाही.

यंदाचा ऑपेरा आमच्या भाषेत आणताना बाईंनी नायकाच्या आईची भूमिकाच कापली, कारण तिचं गाणं कुणालाच झेपेना. तरी खुर्च्या लावणारा आमच्यातला पोस्टमन सवयीने आईची खुर्ची मांडायचा. आमचा नायक म्हणजे दातांचे डॉक्टर. एरवी ठार बेसूर, पण त्या खुर्चीकडे बघून सुरात गायचे. म्हणून कुणी काही बोललं नाही.

रंगीत तालमीला मात्र बाई म्हणाल्या, "उद्या प्रयोग आहे. ती खुर्ची उचला बघू आता."

रोज एका हाताने उचलणारा पोस्टमन वाकला आणि वाकलेलाच राहिला. "हलत नाहीये हो."

डॉक्टरांनी दुसरी बाजू धरली. दोघं घामाघूम झाले.

पियानोवाल्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो, इतके दिवस बिचारी गप्प बसलीय. एकदा गाऊ तरी द्या तिला." आणि त्यांनी ते कापलेलं गाणं वाजवायला घेतलं.

गायची जागा आली, तशी दोघांच्या हातातली खुर्ची एकदम हलकी झाली.