हाताला गुण

फिजिओथेरपी विभागात कुणी टिकेना. नवी मुलगी यायची, पेशंटची जरा सवय होतेय तोवर दुसरीकडे चालू पडायची. अर्धांगवायू झालेल्या आजोबांचा उजवा हात अशा किती जणींनी धरला आणि सोडला, त्याची गणतीच नव्हती.

ही शेवटची मात्र जीव तोडून राबायची. "आजोबा, नुसती बोटं हलवा, पुढचं माझ्यावर सोडा." पण तो हात तिच्या हातात लाकडासारखा पडून राहायचा.

आज तिने विभागप्रमुख बाईंना सांगून टाकलं, "पगाराचं काही नाही, मॅडम. माझ्या हाताला गुणच नाही. मी हे कामच सोडतेय." बाईंनी परोपरीने समजावलं. ती डोळे पुसत जिना उतरून गेली.

खिडकीशी बसलेल्या आजोबांनी तिला शेवटचं बघायला पडदा बाजूला सारला. उजव्या हाताने.

सोबत आलेल्या आजी कळवळून म्हणाल्या, "अहो, घरी याच हाताने चमचा धरता. मग तिच्यापुढे हे सोंग कशाला केलंत?"



"म्हटलं, मी बरा होत नाही तोवर ही तरी मला सोडून जाणार नाही."