दोनशे ऐंशी डॉलर फुकट

हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार होता. गावातले पुरुष पहाटेच बंदुका घेऊन रानात गेले होते, आणि चर्चच्या गोधडी-मंडळातल्या तीन बायका बर्निसच्या गाडीतून कॅसिनोला आल्या होत्या. दरवर्षी यायच्या. त्या दिवशी कॅसिनो बायकांच्या सभासद-कार्डावर दहा-दहा डॉलर फुकट टाकायचा. ते रोख हातात मिळत नसत, यंत्रावर खेळूनच संपवावे लागत. त्यातून जिंकलं तर ते मात्र आपलं.

"तिघींचे मिळून तीस," जॉइस आत शिरता शिरता म्हणाली. "एकाच यंत्रावर पाळीपाळीने खेळू. आलं तर जेवण त्यातून. नाही आलं तर बर्निसच्या पर्समधून."

"माझ्या पर्समध्ये सुया आहेत. त्या खा," बर्निस म्हणाली.

अर्लीन मागे रेंगाळत होती. "तुम्ही खेळा गं दोघी. माझं कार्ड कुठं पडलंय कुणास ठाऊक. वर्षातून एकदा येणारी बाई मी."

"मग नवीन घे की! फुकटचं कोण सोडतं?" जॉइसने तिला दंडाला धरून काउंटरपाशी नेलं.

काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं नाही. अर्लीनला पाहताच हसली आणि नवीन कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. "आज शनिवारी कशा, अर्लीनबाई? तुमचा वार तर बुधवार! बरं झालं आलात, तुमचे दोनशे ऐंशी पडलेत. आज रात्री बाराला संपतात."

"दोनशे ऐंशी?" जॉइस ओरडलीच. "आणि आम्हाला दहा? हा कुठला न्याय?"

"जो जितका खेळतो, त्या मानाने आम्ही देतो," मुलगी म्हणाली. मग तिघींचे चेहरे पाहून तिचं हसू विरलं, आणि ती उगीचच कागद चाळू लागली.

जॉइस कधी गप्प बसत नसे. आता ती म्हणाली, "मी जरा कॉफी बघते," आणि निघून गेली.

गेली दोन वर्षं दर बुधवारी बर्निस अर्लीनच्या घरी जाऊन बसत होती. अर्लीनचा नवरा हॅरल्ड अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलत नसे, त्याला एकटं सोडता येत नसे. आजच्यापुरती त्याची भाची आली होती. बुधवार होता अर्लीनच्या बहिणीसाठी. इर्मा दीड तासावरच्या वृद्धाश्रमात होती. तिच्यासाठी बर्निस दर वेळी दालचिनीच्या बिस्किटांचा डबा भरून द्यायची.

बर्निसने बुधवारचं काही काढलं नाही. तिने विचारलं, "इर्मा कशी आहे?"

अर्लीन कार्डाकडे बघत राहिली. "गेली."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"मला सांगितलं नाहीस! फुलं तरी पाठवली असती गं मी."

"सांगितलं असतं तर बुधवार गेला असता."

"आणि माझी बिस्किटं?"

"मी खाल्ली," अर्लीन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "इथेच. बाहेर गाडीत बसून. एकही टाकलं नाही."

मग ती घाईघाईने बोलू लागली. "हे तू खेळ, बर्निस. सगळे तू घे. जिंकशील ते तुझं."

"तुझ्या नावावरचे मला चालतात होय?"

"मग जाऊ देत. नकोत मला. चल, घरी जाऊ."

"रात्री बारापर्यंत आहेत म्हणाली ना ती?"

हॅरल्ड आठला झोपतो, भाची रात्रभर राहणार आहे, रस्ता चाळीस मिनिटांचा, हा हिशेब अर्लीनच्या मनात मघाशीच होऊन गेला होता. तो बर्निसला दिसला असावा, असं तिला वाटलं.

"खेळ," बर्निस म्हणाली. "एकटी परत येण्यापेक्षा माझ्यासमोर खेळ."

कुठलं यंत्र, हे अर्लीनला शोधावं लागलं नाही. खांबामागच्या तिसऱ्या यंत्रापाशी ती जाऊन बसली. फरशी पुसणाऱ्या बाईने तिच्याकडे बघून ओळखीने मान हलवली. अर्लीनने नजर खाली वळवली. कार्ड आत सरकवलं. बर्निस शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीत घेऊन बसली.

पहिल्यांदा बोट जड गेलं. दुसऱ्यांदाही. रेड्यांची, लांडग्यांची चित्रं फिरली आणि थांबली. पुन्हा फिरली. दोनशे उरले. मग शंभर. नव्वद. ऐंशी. अर्लीन पुढे झुकली. तिची पाठ सैल झाली, तोंड किंचित उघडं राहिलं. शेजारी कोणी बसलंय, हे ती विसरून गेली.

एकदम तीन चंद्र ओळीत आले. घंटा वाजू लागली, दिवे लखलखले, पडद्यावरचा आकडा भराभर चढू लागला. अर्लीन खळखळून हसली. वळून तिने बर्निसचा हात घट्ट धरला. "बघितलंस? अगं, बघितलंस का?"

बर्निस यंत्राकडे बघत नव्हती. ती अर्लीनच्या तोंडाकडे बघत होती. बहुधा बराच वेळ.

"हॅरल्ड आजारी पडल्यापासून," ती हळूच म्हणाली, "तुला असं हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं."

अर्लीनने तिचा हात सोडला आणि दोन्ही तळव्यांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं. यंत्र वाजतच होतं.