भोंगा वाजल्यावर

झर्का शहरातली पोरं हवाई दलाच्या अग्निशमन पथकात भरती होण्याआधी त्याच पथकातून निवृत्त झालेल्या अबू नायफांचा सल्ला घ्यायला जमली होती. शिफारस ते एकाचीच करत, आणि ती लुजैनला हवी होती.

"भोंगा वाजला. पहिलं काम कोणतं?"

"बूट चढवायचे!" "बंबाकडे पळायचं!"

"गॅस बंद करायचा," लुजैन म्हणाली.

पोरं फिदीफिदी हसली. "अगं, विमानाची आग विझवायचीय, भात नाही शिजवायचा!"

अबू नायफ हसले नाहीत. "बरोबर. कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी. तुमच्याच पथकात होते ना ते, काका. सांगायचे, एकदा विमानाची आग विझवून सगळे परतले, तर स्वयंपाकघरासकट आपलंच केंद्र पेटलेलं! आणि त्या दिवशी मकलूबाच्या भाताचं पातेलं गॅसवर ठेवून पळालेले गृहस्थ..."



"शिफारस तुझीच!" अबू नायफ घाईघाईने म्हणाले.