पाच मिनिटांत आलेला ताप

“आले, आले! पाच मिनिटं थांबा!” तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ती ओरडली, तशा खाली गाडीला टेकून उभ्या असलेल्या तिघींनी टाळ्या पिटल्या. परक्या देशात तिला मिळालेल्या या पहिल्याच मैत्रिणी, संध्याकाळच्या भाषेच्या वर्गातल्या. एक बस चालवायची, एक बेकरीत पहाटेपासून कणीक मळायची, तिसरी लोकांचे केस कापायची. तिघींची सुट्टी जुळून आली होती, बसवालीला भावाची गाडी मिळाली होती, आणि सकाळी चहा पिता पिता त्यांनी ठरवून टाकलं होतं की दोन दिवस समुद्रावर जायचं. नव्या भाषेतल्या तोडक्यामोडक्या शब्दांत बसवालीने खालूनच फर्मान काढलं होतं, “आहेस तशी ये!”

आहे तशी कशी जाणार! तिने कपडे बदलले, पिशवीत टॉवेल, कंगवा आणि कपड्यांचे दोन जोड कोंबले. नवऱ्याला गाडीत बसल्यावर कळवू, असं मनाशी म्हटलं. त्याला आवडणार नाही हे ठाऊक होतं, पण एवढा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. घाईघाईने बूट चढवून तिने दाराची मूठ फिरवली.

दार हललं नाही.

हलणार कसं? बाहेरून कुलूप होतं. रोजच असायचं. नवऱ्याच्या घरची पद्धतच तशी. शेवटी बाहेर पडेल त्याने कुलूप घालायचं, मग आत कुणी झोपलेलं असो की जागं. इथलं दारातच बसवलेलं कुलूप तर आतूनही किल्लीशिवाय उघडत नसे, आणि हरवायला नकोत म्हणून दोन्ही किल्ल्या त्याच्याच जुडग्यात. चार महिने तिला यात काही वावगं वाटलं नव्हतं. वर्गाला तोच सोडायचा, तोच आणायचा. बाजारहाट रविवारी दोघांनी मिळून. उलट आईला तिने फोनवर कौतुकाने सांगितलं होतं, “फार जपतात गं मला.” आता मूठ धरून उभी असताना तिला ते आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

जिन्यात पावलं वाजली. वाट बघून तिघी वर आल्या होत्या.

“काय गं, परत झोपलीस की काय?” बेकरीवालीने दार ठोठावलं.

“तुम्ही जा,” ती आतून म्हणाली. “मला बरं नाहीये. ताप आलाय.”

पाच मिनिटांत आलेला ताप! बाहेरून केसवाली म्हणाली, “दार उघड, बघू किती आहे ते.”

“नको, तुम्हालाही यायचा.”

खोटं बोलायची सवय नसली की माणूस एकावर एक रचत सुटतो. पोटही दुखतंय म्हणाली, नवरा लवकर घरी येणार आहे म्हणाली, समुद्राचा वारा मला सोसतच नाही असंही म्हणाली. मी कोंडलेली आहे, एवढंच तिच्याने सांगवेना. आजवर ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दाराला मधोमध पत्रं टाकायची फट होती. तिचं झाकण वर गेलं आणि बसवालीचा एक डोळा दिसला. त्या डोळ्याने आधी खांद्यावरची पिशवी पाहिली, मग पायांतले बूट.

“किल्ली कुणाकडे आहे?”

तिला रडूच कोसळलं. “नवऱ्याकडे.”

झाकण खाली पडलं. बाहेर कुजबुज सुरू झाली. आता उतरून जातील, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी जावं असंच तिला वाटत होतं. निदान तोंड लपवता आलं असतं. पण पावलं उतरली नाहीत. पिशव्या जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, डबे उघडल्याचा आला. मग फटीतून कागदात गुंडाळलेला पाव आत आला, अजून कोमट होता.

“खा आणि त्याला फोन कर,” बसवाली म्हणाली. “दार उघडेपर्यंत आम्ही पायरीवर आहोत. समुद्र काही पळून जात नाही.”

तिने डोळे पुसले आणि फोन लावला.

“अहो, जरा येऊन दार उघडता का?”

“का? काय झालं? बरी आहेस ना?”

“बरी आहे. मैत्रिणी आल्यात. मला त्यांच्याबरोबर जायचंय.”

“अगं, कामात आहे मी. रविवारी नेतो की तुला, म्हणशील तिथे. त्यांना सांग काहीतरी.”

“सांगून झालं. त्या जात नाहीयेत. जिन्यात बसल्यात.”

“जिन्यात?” त्याचा आवाज एकदम खाली आला. तो काही वाईट माणूस नव्हता, हे तिला आत्ताही कळत होतं. चारचौघांत हसं होण्याची मात्र त्याला फार धास्ती. “अगं, शेजारीपाजारी काय म्हणतील! किती जणी आहेत?”

“चौघी,” ती म्हणाली. “तिघी बाहेर, एक आत.”

“आत?” तो दचकला. “कुलूप तर मी स्वतः लावून आलोय! आत कोण आहे?”