कीबोर्डमागचं हसू

टीव्हीवर ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा जुना कार्यक्रम लागला, की जॅनिस हातातलं काम टाकून बसायची आणि क्लाइव्हला नेमका चहा टाकायचा असायचा.

"पळतोस कुठे? तुझ्याच बँडचं गाणं लागलंय! कीबोर्डमागे कसा गोड हसतोयस बघ. या हसण्यावरच तर भाळले मी. लग्नानंतर मेल्या एकदा तरी असा हसलास?"

क्लाइव्ह उगाच कपाटातले कप इकडचे तिकडे करत राहिला. त्या कार्यक्रमात सगळे नुसतं वाजवल्यासारखं करायचे, गाणं रेकॉर्डवरच चालायचं. या गाण्याच्या चित्रीकरणाच्या दिवशी त्याला गालगुंड झालं होतं. डोळ्यांवर केस ओढून, तोंडाला रंग फासून त्याच्या जागी उभा राहिला होता त्याचा भाऊ, बॅरी. जॅनिसला सांगायचं राहूनच गेलं होतं.

"रविवारी बॅरी येतोय ना जेवायला?" पडद्यावरून नजर न हलवता जॅनिस म्हणाली. "तो बघ, अजून अस्साच हसतो."