पडद्यामागचा सात नंबर

"बूट इथेच काढ," सेक्रेटरीबाई कुजबुजल्या. "टाचेच्या आवाजावरून बाई की बुवा ते कळतं ना, म्हणून."

तिने बूट काढले, बासरी उराशी धरली आणि जाड गालिच्यावरून चालत रंगमंचाच्या मधोमध येऊन उभी राहिली. समोर छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा. पलीकडे सर धरून कमिटीचे पाच जण. वाद्यवृंदात बासरीची एकच जागा रिकामी होती आणि त्या जागेसाठी अकरा जण आले होते. ही सात नंबर. नाव सांगायचं नाही, अत्तर लावायचं नाही. काही लागलंच तर सेक्रेटरीबाईंच्या कानात सांगायचं, त्या पलीकडे ऐकू जाईल असं बोलतील. स्वतः तोंड उघडलं की बाद.

हा सगळा थाट तिच्यामुळेच झाला होता. दोन वर्षांपूर्वी, सरांकडे शिकत असताना, तिने त्यांच्याविरुद्ध चार पानी तक्रार दिली होती. चौकशी बसली, चौदा बैठका झाल्या, सरांना समज देण्यात आली आणि पडदा विकत घेण्यात आला. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. सर अजूनही वाद्यवृंदाचे प्रमुख होते. ती मात्र तेव्हापासून एका हॉटेलात, लोकांच्या जेवणाच्या कलकलाटात बासरी वाजवत होती. आज जागा मिळाली तर त्यातून सुटका होती. मधे पडदा असल्यावर सर काय करणार, असं तिला वाटत होतं. सगळ्यांनाच वाटत होतं.

तिने बासरी ओठांना लावली. एक छोटा श्वास, पाठोपाठ एक मोठा. आणि सुरुवात केली.

काय वाजवलं तिने! सेक्रेटरीबाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांच्या हातातलं पेन थांबलं. पलीकडे चौघांनी आपापल्या कागदावर पैकीच्या पैकी मार्क टाकले. पाचवा कागद कोरा होता.

"सात नंबर, सुरेख," सरांचा आवाज आला. "पुन्हा एकदा वाजवायचं. श्वास जरा खालून घ्यायचा."

तिने बासरी ओठांपासून खाली घेतली. कमिटीने बुटांचा विचार केला होता, अत्तराचा केला होता, एका बैठकीत तर घड्याळाच्या टिकटिकीवरही तासभर वाद घातला होता. बासरीवाल्याच्या श्वासाचा विचार मात्र कुणाच्याच डोक्यात आला नाही. आधी छोटा, मग मोठा. तो श्वास तिला सरांनीच शिकवला होता. तो त्यांना शंभरांत ओळखू आला असता.

तिने पुन्हा वाजवलं. अर्ध्यावरच सरांनी थांबवलं.

"अजून खालून." आवाज मऊ होता. "घाई नको. लाजायचं नाही."

हे शब्द बोलताना सरांचा हात कुठे असायचा, ते तक्रारीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. ते पान कमिटीतल्या प्रत्येकाने वाचलं होतं. व्हायोलिनवाल्या काकू तर वाचताना रडल्या होत्या. आता पलीकडे कुणाची तरी खुर्ची करकरली, तेवढंच.

ती सेक्रेटरीबाईंच्या कानाशी वाकली. "सरांनी मला ओळखलंय. मुद्दाम बोलताहेत. सांगा ना मॅडम, थांबवा त्यांना."

सेक्रेटरीबाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी घसा खाकरला.

"सात नंबरला पाणी हवंय," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"द्या की, द्या," सर म्हणाले. "सावकाश पिऊ दे. मग पोट सैल सोडायचं आणि मी सांगतो तसं करायचं."

पेला तिच्या हातात आला. सेक्रेटरीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच विनवलं, वाजव गं बाळा, जागा तुझीच आहे. त्यात खोटं काही नव्हतं. गप्प राहून वाजवलं असतं तर जागा तिचीच होती. आणि मग रोज सकाळी दहा वाजता सरांसमोर उभं राहायचं होतं.

तिने पेला खाली ठेवला.

"सर, हात लांब ठेवा तुमचा."

ती ओरडली नव्हती. पण सभागृह चांगलं बांधलेलं होतं, शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

मग व्हायोलिनवाल्या काकूंचा आवाज आला, जरासा कापरा.

"बोलली ती."

"काकू, अहो, पण..." कुणीतरी पुटपुटलं.

"पण काय? नियम आपणच केलाय ना? आज हिला सोडलं, तर उद्या कुणालाही सोडावं लागेल. आणि मुलींसाठीच तर केलाय आपण हा नियम." त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला. "मला काय बरं वाटतंय का?"

दुसऱ्या कुणी हरकत घेतली नाही. सेक्रेटरीबाईंनी सात नंबरपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आवाज केला. बाद.' तिने बासरी पेटीत ठेवली, पेटीची कडी बाईंनी लावून दिली. मग त्यांनी तिला बाजूच्या दाराने बाहेर नेलं.

पलीकडे सर चष्मा पुसत होते.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "फार गुणी मुलगी. कोण होती?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं.