सावरलेलं घर

बेल वाजली तेव्हा मावशी पलंगाखाली वाकून धाकट्याचा दुसरा मोजा शोधत होती. पलंगावर त्याची आई बसली होती. केस विंचरलेले, अंगात धुतलेले कपडे, हात मांडीवर. गेल्या कित्येक महिन्यांत दिवसाउजेडी तिला असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"लक्षात आहे ना? विचारलं तर सांगायचं, झोप लागते, भूक लागते, स्वयंपाक मीच करते," मावशी म्हणाली.

"झोप लागते, भूक लागते," आई म्हणाली.

मावशी त्या घरची कुणीच नव्हती. बालकल्याण केंद्रानं तिला रोज सकाळी तिथं नेमलं होतं. पोरांना उठवायचं, खाऊ घालायचं, थोरलीला शाळेत पोचवायचं. आजवर शाळेची, दवाखान्याची आणि केंद्राची माणसं आपापल्या सवडीनं यायची, आणि एकाचा पायपोस एकाच्या पायात नसायचा. आता वरून हुकूम सुटला होता की सगळ्यांनी मिळून एकदाच जायचं. शेजारीण म्हणाली होती, "सगळे मिळून येतात ते पोरं उचलायलाच." ते ऐकून मावशी कामाला लागली. तिनं घर घासूनपुसून लख्ख केलं, आपल्या घरून स्वयंपाक करून आणला आणि इथल्या भांड्यांत काढून ठेवला.

मोजा सापडला नाही. मावशीनं धाकट्याच्या पायातला मोजाही काढून टाकला आणि दार उघडलं.

शाळेच्या बाईंनी थोरलीचा गृहपाठ पाहिला. नर्सबाईंनी धाकट्याचं वजन केलं आणि त्याचा गालगुच्चा घेतला. केंद्राचे साहेब भांड्यांवरची झाकणं उचलून पाहून आले आणि आईसमोर खुर्ची ओढून बसले. त्यांनी चार प्रश्न विचारले. आईनं न अडखळता उत्तरं दिली. मावशीच्या जिवात जीव आला.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "खरं सांगू का, आम्ही मावशींना दिवसभर ठेवायचं ठरवून आलो होतो. डॉक्टरही घरी पाठवणार होतो. पण इथं तर सगळं ठाकठीक आहे. सोमवारपासून मावशी दुसऱ्या घरी जातील. तिथल्या पोरांचे फार हाल आहेत हो."

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. मावशीनं तो पोरांच्या पायावर पाडला होता, तोही मायेपोटी. साहेब निघाले तशी ती जिन्यापर्यंत त्यांच्यामागे धावली.

"साहेब, हे खोटं आहे सगळं. ती उठत नाही हो. आज मी उठवून बसवली. जेवणसुद्धा माझ्या घरचं आहे. मी घाबरले होते, पोरं न्याल म्हणून."

साहेब थांबले. त्यांनी बाकी दोघींकडे पाहिलं. नर्सबाईंनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

"लळा लागतो, मावशी. घर सुटायची वेळ आली की सगळ्याजणी असंच काहीतरी सांगतात."

"आणि हे बघा," साहेब समजुतीनं म्हणाले, "एकट्यादुकट्यानं पाहिलं असतं तर चुकलंही असतं. आम्ही तिघांनी मिळून पाहिलंय."

तिघं जिना उतरून गेली. खालून त्यांच्या हसण्याबोलण्याचा आवाज आला. आज बऱ्याच दिवसांनी त्यांचं एखादं काम नीट पार पडलं होतं.

मावशी आत आली. आई त्याच धुतलेल्या कपड्यांत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती.

"मी नीट बोलले ना?" तिनं न वळता विचारलं.

"फार छान बोललीस गं," मावशी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आईला दिसू नये म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

तिथं सात वर्षांची थोरली शेगडीसमोर स्टुलावर चढून उभी होती.

"मावशी, बाळाचं दूध किती गरम करायचं ते मला शिकव," ती म्हणाली. "सोमवारच्या आत."